अनिरुक्ताचे श्रवण

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूवर या शहरात १९७५ साली एक सहकारी नभोवाणी केंद्र सुरू झाले. सभासदांच्या वर्गणीवर चालणारे, जाहिरातींचा पैसा न घेणारे आणि शहरातील अत्यंत दरिद्री वस्तीत आपले कार्यालय मांडून बसलेले हे केंद्र. त्यावरून १९७८-७९ च्या सुमारास हिल्डेगार्ड वेस्टरकँप या जर्मनीत जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या संगीतरचनाकार बाईंनी एक मालिका सादर केली, तिचे नाव 'साउंडवॉकिंग'. ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्या शहरातील एखाद्या ठिकाणी जात, तेथे हिंडत, कानावर पडेल ते टिपून घेत, मधूनच आपण कोठे उभ्या आहोत हे चार शब्दांत सांगत, आणि मग ज्या शहरातून ते सारे उचलले होते त्याच शहराला ते परत ऐकवीत. त्यात बातमी नव्हती, उपदेश नव्हता, रूढ अर्थाने ज्याला संगीत म्हणतात तेही नव्हते.

या उपक्रमाला कलेच्या इतिहासात कोठे बसवावे, हा प्रश्न समीक्षकांनी सोडवावा. मला त्यात धर्मविचाराच्या इलाख्यातला एक प्रश्न दिसतो, आणि तो मला पुष्कळ दिवसांपासून स्वस्थ बसू देत नाही. शब्दातून अर्थ काढून घेतला, किंवा ज्याला मुळातच शब्दाचा अर्थ नाही असा लाटांचा, वाऱ्याचा, यंत्रांचा ध्वनी घेतला, तर जो नुसता नाद उरतो त्याचे एकाग्रतेने केलेले श्रवण उपासनेच्या कोटीत बसते काय? आणि बसत असेल, तर ते कशाच्या बळावर: त्या नादाच्या अंगच्या गुणाने, तो उत्पन्न करणाऱ्याच्या हेतूने, की ऐकणाऱ्याच्या वृत्तीने? आधुनिक युरोपातील प्रयोगशील कवींनी आणि ध्वनिकलावंतांनी हा प्रश्न नव्याने उकरून काढला असला, तरी ज्या समाजाने आपला सर्वांत पवित्र वाङ्मयठेवा शतकानुशतके केवळ कानाने आणि मुखाने सांभाळला, त्या समाजाला तो परका वाटण्याचे काही कारण नाही.

यास्काच्या निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाच्या एका पूर्वपक्षकाराचे मत नोंदलेले आहे, आणि ते असे आहे की मंत्रांना अर्थ नाही. हा कौत्स कोणी पाखंडी होता असे समजण्याचे कारण नाही; त्याची कैफियत मोठी सरळ आहे. मंत्रातील शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, एका शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घालता येत नाही, म्हणजे तेथे कार्य अर्थाकडून होत नसून ध्वनीकडून होत असले पाहिजे. शिवाय मंत्रांत अशक्य आणि परस्परविरोधी गोष्टी सांगितलेल्या आहेत. आणि 'अम्यक्', 'काणुका' यांसारखे काही शब्द तर कोणालाच उलगडत नाहीत. यास्काने त्याचे एकेक म्हणणे खोडून काढले, पुढे जैमिनीनेही मंत्र सार्थच आहेत असा निर्णय दिला, आणि शास्त्राच्या दप्तरी हा वाद निकालात निघाला. परंतु या निकालाने कौत्साच्या मनातली मूळ शंका संपली असे मला वाटत नाही, कारण ज्या आचाराकडे पाहून त्याला ती सुचली तो आचार यास्कानंतरही तसाच चालू राहिला. घनपाठाचे उदाहरण घ्या. पहिले पद, दुसरे पद, मग दुसरे आणि पहिले, मग पहिले, दुसरे, तिसरे, मग तिसऱ्यापासून उलट पहिल्यापर्यंत आणि पुन्हा सुलट तिसऱ्यापर्यंत, अशा मागेपुढे होणाऱ्या चालीने ऋचा म्हटली जाते, तेव्हा वाक्याचा अन्वय मोडतो, अर्थाचा धागा तुटतो, आणि तरीही एक मात्रा किंवा एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. मूळ पाठ निर्दोष राहावा म्हणून ही योजना झाली हे खरे; पण ऐकणाऱ्याच्या पदरात जे पडते ते शब्दांचे नादमय विघटन आणि पुनर्घटन असते. विसाव्या शतकात युरोपातील ज्या कवींनी वाक्यरचना मोडून ध्वनीची रचना उभी केली, त्यांतल्या फार थोड्यांना अशी शिस्त साधली असेल.

सामगानात तर गोष्ट याहूनही पुढे जाते. तेथे ऋचेच्या शब्दांमध्ये 'हाउ', 'औहोवा' अशी अक्षरे घातली जातात. त्यांना स्तोभ म्हणतात, आणि त्यांना कोशातला अर्थ नाही हे सर्वांना मान्य आहे. आता छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या प्रपाठकाचा तेरावा खंड पाहावा. तो संपूर्ण खंड या निरर्थक अक्षरांच्या उपासनेला वाहिलेला आहे. 'हाउ'कार म्हणजे हा लोक, 'हाइ'कार म्हणजे वायू, 'अथ'कार म्हणजे चंद्र, 'इह'कार म्हणजे आत्मा, 'ई'कार म्हणजे अग्नी, 'ऊ'कार म्हणजे आदित्य, अशा क्रमाने एकेका स्तोभावर विश्वाचा एकेक अंश आरोपित केला आहे, आणि बारा स्तोभांचा असा हिशेब लागल्यावर तेरावा 'हुं'कार मात्र अनिरुक्त आहे, म्हणजे त्याचे निर्वचन होत नाही, असे सांगून उपनिषद थांबते. मला या खंडाइतके धैर्याचे धार्मिक चिंतन क्वचितच आढळले आहे. ज्याला अर्थ नाही त्याला टाकून द्यावे असे त्या ऋषीला वाटले नाही. प्रत्येकाला अर्थ चिकटवून मोकळे व्हावे असेही वाटले नाही. बारांना विश्वात जागा दिली आणि एक जागा त्याने मोकळी ठेवली, आणि ती मोकळी जागाही उपासनेच्या आतच ठेवली, बाहेर नाही.

फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने १९७५ साली केरळातील पांजाळ येथे नंबुद्री ब्राह्मणांनी केलेल्या अग्निचयनाची साद्यंत नोंद केली आणि पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की यज्ञविधी आणि मंत्र हे नियमांनी बांधलेले पण अर्थशून्य व्यवहार आहेत, आणि मंत्रांचे नाते भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याशी अधिक जवळचे आहे. कौत्साला अडीच सहस्र वर्षांनी असा समर्थ वकील मिळाला याचा मला आनंदच आहे, कारण 'अर्थ कळला की धर्म कळला' या सुशिक्षितांच्या भाबड्या समजुतीला त्याने धक्का दिला. तरी स्टालच्या निष्कर्षापाशी मला थांबवत नाही. पक्ष्याला आपल्या गाण्यात चूक झाली म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही. सामग गुरूपुढे बसून वर्षानुवर्षे जे अक्षर घोटतो, त्याच्या पाठीमागे ते कोणी सोपवले, का सोपवले आणि पुढे कोणाला सोपवायचे याची जी जाणीव असते, तिला अर्थ हे नाव द्यायचे नसेल तर न द्यावे. पण तिच्याविना तो स्तोभ स्तोभ राहत नाही, तोंडातून निघालेला एक आवाज होतो.

मग प्रश्न असा येतो की ज्याच्या पाठीमागे अशी परंपरा नाही, अशा माणसाने अर्थ सोडून दिला तर त्याचे काय होते? याचे एक विलक्षण उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, २३ जून १९१६ रोजी, झुरिच येथील 'कॅबरे व्होल्तेर' या छोट्याशा रंगस्थळी ह्यूगो बाल नावाचा एक जर्मन कवी पुठ्ठ्याचा चकचकीत निळा नळा पायांभोवती आणि पुठ्ठ्याचाच भलामोठा झगा अंगावर चढवून, चालता येत नाही म्हणून अंधारात उचलून आणलेला असा, व्यासपीठावर उभा राहिला, आणि कोणत्याही भाषेत नसलेल्या शब्दांच्या कविता म्हणू लागला. वर्तमानपत्रांनी, मुत्सद्द्यांनी आणि सेनापतींनी भाषा इतकी भ्रष्ट केली आहे की तिच्यात आता खरे बोलणेच शक्य नाही, ही त्याची तळमळ होती. म्हणता म्हणता मात्र भलतेच घडले. या अक्षरांना कोणती चाल द्यावी हे त्याचे त्याला सुचेना, आणि त्याचा आवाज आपोआप वळला तो ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या प्रार्थनेतील विलापाच्या स्वराकडे. लहानपणी आपल्या गावच्या देवळात मृतांसाठी होणारी प्रार्थना भीतीने आणि कुतूहलाने ऐकणारा दहा वर्षांचा मुलगा आपल्या चेहऱ्यात उगवल्याचे त्याला क्षणभर जाणवले. दिवे मालवले गेले आणि घामाने निथळत असलेल्या त्या कवीला पुन्हा उचलून खाली नेण्यात आले. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

बालने पुढे लवकरच त्या रंगस्थळाभोवती जमलेल्या कलावंतांच्या चळवळीचा निरोप घेतला, १९२० मध्ये तो आपल्या बाळपणीच्या कॅथलिक पंथात परतला, आणि १९२३ साली त्याने प्राचीन पूर्वेकडील तीन ख्रिस्ती संतांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या मित्रांपैकी अनेकांना हे पलायन वाटले. मला ते त्या रात्रीचेच सरळ फलित वाटते. त्याने अर्थाचा त्याग करून जी पोकळी निर्माण केली तिच्यात प्रथम जे येऊन बसले ते त्याच्या पूर्वजांचे प्रार्थनेचे वळण होते. म्हणजे ज्याला तो मुक्त नाद समजत होता त्याच्या तळाशी एक संबोधन दडलेले होते, कोणाला तरी मारलेली हाक होती, आणि ती कोणाला आहे हे शोधण्यात त्या प्रामाणिक माणसाने आपले उरलेले थोडे आयुष्य वेचले. १९२७ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय पुरते बेचाळीसही नव्हते.

रंगमंचावरून हा प्रश्न नभोवाणीवर आला तो अधिकच तीव्र होऊन. आंतोनँ आर्तो या फ्रेंच कवीने आयुष्यातील जवळजवळ नऊ वर्षे मनोरुग्णालयांत काढल्यानंतर नोव्हेंबर १९४७ मध्ये फ्रेंच नभोवाणीसाठी एक ध्वनिमुद्रण केले. ईश्वराच्या न्यायनिवाड्याचा एकदाचा निकाल लावण्याची भाषा करणारे त्याचे शीर्षक होते. त्यात आरोप होते, शिव्याशाप होते, ढोलाचे ठोके आणि किंकाळ्या होत्या, आणि मधूनमधून कोणत्याही भाषेत नसलेल्या अक्षरांच्या ओळी होत्या. २ फेब्रुवारी १९४८ रोजी होणारे हे प्रक्षेपण नभोवाणीचे संचालक व्लादिमीर पोर्शे यांनी आदल्या दिवशी हुकूम काढून रोखले. ज्यांनी ते करवून घेतले होते त्या फेर्नां पुए यांनी कोक्तो, एल्युआर अशा नामवंतांसह सुमारे पन्नास जणांना बोलावून ते ऐकवले. त्यांनी अनुकूल कौल दिला तरीही मज्जाव उठला नाही, पुए यांनी राजीनामा दिला, आणि ४ मार्च रोजी आर्तोचा मृत्यू झाला. त्याच सुमारास आपल्याकडे बाळ सीताराम मर्ढेकर हे नभोवाणीच्याच सेवेतील कवी, ज्यांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या आणि मराठी काव्याचा कायापालट केला, ते 'काही कविता' या १९४७ च्या संग्रहापायी अश्लीलतेच्या खटल्यास तोंड देत होते, हे आठवले म्हणजे दोन दूरच्या मुलखांतील दोन प्रयोगशील कवींचे भोग एका वेळी कसे जुळून आले याचे आश्चर्य वाटते. मर्ढेकर निर्दोष सुटले. या दोघांच्या वाणीत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण देवाशी त्यांचे भांडण जुळले होते हे दोघांच्या बाबतीत खरे आहे, आणि भांडण जुळायला समोर कोणीतरी असावे लागते. आर्तोच्या त्या अक्षरओळी मला म्हणूनच नास्तिकाच्या वाटत नाहीत. ज्याने देवाला खरोखर रजा दिली आहे तो इतक्या मोठ्याने ओरडत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने ते प्रक्षेपण थांबवले त्याला धर्मरक्षणाचे श्रेय मुळीच देता येत नाही, कारण बायबलातील ईयोबाच्या विलापापासून तुकोबांच्या उद्वेगापर्यंत धर्माने असले भांडण आपल्या घरातच सांभाळलेले आहे.

याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९४८ रोजी, पॅरिसच्या याच नभोवाणीवरून पिएर शेफर या अभियंत्याने 'गोंगाटांची मैफल' सादर केली आणि आगगाडीच्या इंजिनांचे आवाज कापून, जोडून, पुनःपुन्हा फिरवून केलेली रचना लोकांना ऐकवली. फेब्रुवारीत माणसाच्या किंकाळीला बंद झालेले दार ऑक्टोबरात इंजिनाच्या शिटीला उघडले गेले, याची नोंद घेऊन पुढे जातो. शेफरने नंतर या श्रवणाचे तत्त्वज्ञान मांडताना पायथागोरसाच्या शिष्यांची आख्यायिका पुढे आणली: गुरू पडद्याआडून शिकवीत आणि शिष्यांनी वक्त्याला न पाहता केवळ वाणी ऐकावी असा तेथे नियम होता. नभोवाणी हा तोच पडदा आहे असे शेफरचे म्हणणे. ध्वनी कोठून आला हे दिसेनासे झाले की कान ध्वनीलाच पाहू लागतो.

आपल्या मीमांसकांना हे म्हणणे फारसे नवे वाटले नसते. त्यांनी तर वेदाला अपौरुषेय ठरवून पडद्याआडचा वक्ताच नाहीसा केला आणि वाणी तेवढी ठेवली. त्यांच्या मते वर्ण नित्य आहेत, उच्चाराने ते उत्पन्न होत नाहीत, प्रकट होतात. ध्वनी येतो आणि जातो, त्याने व्यक्त झालेला शब्द येत नाही आणि जात नाही. नैयायिकांनी याला कडाडून विरोध केला. शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, एकातून दुसरा असा लाटेमागून लाट यावी तसा, किंवा कदंबाच्या कळीप्रमाणे एकदम सर्व दिशांना फुटून, तो कानापर्यंत पोचतो, अशी त्यांची उपपत्ती. (नभोवाणीचे तरंग हे विद्युच्चुंबकीय असून ध्वनीचे नव्हेत, तेव्हा ऋषींना नभोवाणी ठाऊक होती असे सांगणाऱ्यांनी या कदंबावर हक्क सांगू नये.) या वादात माझा कल नैयायिकांकडे आहे, आणि त्याचे कारण निव्वळ तार्किक नाही. वक्त्यापासून तुटलेली वाणी पूज्य मानण्यात एक मोठा धोका आहे, तो विसाव्या शतकाने आपल्याला पुरता दाखवून दिला. १९३३ पासून जर्मनीच्या घराघरांत स्वस्त सरकारी रेडिओयंत्रे पोचवण्यात आली आणि देहावाचूनची ती एकच वाणी सर्वत्र एकाच वेळी ऐकू येऊ लागली, तेव्हा लाखो लोकांनी तिच्यात दैवी आदेश ऐकला. अदृश्यपणा हा नादाला पावित्र्य देत असेल तर तो त्या वाणीलाही द्यावा लागेल. नाद नाशवंत आहे, तो कोणीतरी, कोठेतरी, एका विशिष्ट क्षणी उत्पन्न केलेला आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारी कोणावर तरी आहे, हे न्यायमत मला या ठिकाणी धर्माला अधिक उपकारक वाटते.

लहान, स्थानिक नभोवाणी केंद्राचे महत्त्व मला येथेच जाणवते. आपल्याकडील सामुदायिक केंद्राला साधारणतः शंभर वॉटच्या मर्यादेत प्रक्षेपण करण्याची मुभा असते. त्याची वाणी फार तर पंचक्रोशीत पोचते. जो बोलतो तो उद्या बाजारात भेटतो. ज्या ओढ्याचा आवाज ऐकू आला तो ओढा ऐकणाऱ्याने पाहिलेला असतो, आणि आवाज खोटा असेल तर त्याला ते कळते. पडदा तेथेही असतो, पण पडद्यामागे जाऊन पाहता येते. सर्वव्यापी वाणीच्या मोहापासून आणि तिच्या दंभापासून नादाला वाचवण्याचे सामर्थ्य या अल्प अंतरात आहे.

वेस्टरकँपबाईंनी १९८९ साली, आपल्या जुन्या मालिकेची आठवण मनात ठेवून, 'किट्स बीच साउंडवॉक' ही रचना केली. जानेवारीतील एका शांत सकाळी त्या व्हँकूवरच्या किनाऱ्यावर उभ्या आहेत. खडकांना चिकटलेल्या इवल्या कवचधारी जीवांचा अगदी बारीक चटचट आवाज त्या ऐकताहेत आणि पाठीमागे महानगराची घरघर चालू आहे. ऐकता ऐकता त्या सांगतात की ही घरघर मी आता वाढवून दाखवू शकते, कमी करून दाखवू शकते, आणि तसे करूनही दाखवतात. मग यंत्राच्या साहाय्याने तिला पार गाळून टाकतात, आणि आपण गाळून टाकले आहे हेही सांगतात. उरलेल्या त्या बारीक ध्वनींचा हात धरून त्या आपल्या स्वप्नांविषयी बोलू लागतात, आणि अखेरीस त्या गजबजलेल्या शहराशी पुन्हा सामना करण्याचे बळ घेऊन परततात. या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची सत्यनिष्ठा. ऐकणाऱ्याच्या कानावर आपली सत्ता चालते आहे हे त्यांनी लपवलेले नाही. पडदा किलकिला करून आतली कळ दाखवणारा कलावंत आणि पडद्याआडून चमत्कार करणारा कलावंत यांत मी पहिल्याला अधिक धार्मिक म्हणेन. पुढे त्या दिल्लीला आल्या, तेथील फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि रस्त्यांचे ध्वनी घेऊन त्यांनी रचना केल्या, त्यांतही परक्या नगरीला आपल्या अर्थाने न झाकता तिचे ऐकून घेण्याची हीच धडपड आहे.

म्हणजे आरंभीच्या तीन पर्यायांपैकी मी तिसऱ्याकडे येऊन पोचलो आहे: श्रवणाला उपासनेचे मोल येते ते ऐकणाऱ्याच्या वृत्तीने. आणि हे म्हणण्यासाठी मला व्हँकूवरपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्मज्ञानाची वाट सांगताना मनन आणि निदिध्यासन यांच्याआधी श्रवण ठेवले. भक्तीच्या नऊ प्रकारांत पहिली श्रवणभक्ती, आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ तिच्यापासूनच केला; त्या समासात काय काय ऐकावे याची जी लांबलचक यादी त्यांनी दिली आहे ती वाचली की या माणसाने कानाला किती मोठे क्षेत्र मोकळे केले होते याची कल्पना येते. ज्ञानेश्वरांनी तर नवव्या अध्यायाच्या तोंडाशीच श्रोत्यांपाशी अवधान मागितले. अवधान ही मागून घ्यावी लागणारी वस्तू आहे, ती हिसकावून घेता येत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. जॉन केज या अमेरिकन रचनाकाराला, ज्याने १९५२ मध्ये साडेचार मिनिटांच्या निःशब्दतेलाच रचना म्हणून पुढे ठेवले, त्याला संगीताचे प्रयोजन काय हे प्रथम पटले ते गीता साराभाई या भारतीय विदुषीकडून: मन निवळावे आणि दैवी प्रभाव ग्रहण करण्यास योग्य व्हावे, हे ते प्रयोजन. केजला आमच्याकडून हे मिळाले. आमच्या आजच्या धार्मिक जीवनात मात्र ते किती उरले आहे?

हा प्रश्न मी दुःखाने विचारतो आहे. महाराष्ट्रातील उत्सवांतून ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, घरांच्या काचा थरथरतात, तान्ही मुले आणि आजारी म्हातारी माणसे कासावीस होतात, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकांना बंदी घालणारे २००० सालचे नियम सरकारला अमलात आणावे लागतात. ज्या धर्माने श्रवणाला भक्तीचा पहिला पाठ मानला त्याला शांततेची आठवण सरकारी नियमांनी करून द्यावी लागते. येथे नाद भरपूर आहे आणि अवधान मागितलेले नाही. नभोवाणीचे बटण ऐकणारा स्वतः फिरवतो, नको असेल तेव्हा बंद करतो. त्याच्या संमतीवाचून ती त्याच्या घरात येत नाही. उपासनेच्या दृष्टीने हा भेद मला मूलभूत वाटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दुष्काळी मुलखातील माणसाला पाण्याची, पिकाची, औषधाची माहिती हवी आहे. त्याला वाऱ्याचा आणि ओढ्याचा आवाज ऐकवणे ही पोटभरल्या माणसांची चैन नव्हे काय? तहानलेल्याला प्रथम पाणीच दिले पाहिजे, आणि म्हसवडच्या 'माणदेशी तरंग वाहिनी'सारखी केंद्रे आरोग्य, शेती आणि व्यवसाय यांविषयी आपल्या लोकांशी आपल्या बोलीत बोलतात हे मोठे काम आहे. परंतु दुष्काळी मुलखातील माणसाला केवळ माहितीचीच भूक असते असे समजणे हा त्याचा अपमान आहे. ज्या माणदेशाने धनगरी ओव्या आणि गजी नृत्य जतन केले त्याला नादाचे सुख शिकवायला बाहेरून कोणी जायला नको. त्याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की जे रोज कानावर पडते ते पुन्हा यंत्रातून कशाला ऐकायचे? याला उत्तर कीर्तनाच्या मंडपात मिळते. तेथे जमलेल्यांना आख्यान तोंडपाठ असते, पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत असते, आणि तरीही माणसे चिखल तुडवीत येतात, कारण माहीत असलेली गोष्ट चार माणसांत बसून, ठरल्या वेळी, अवधान देऊन ऐकण्यात काही निराळे घडते असा त्यांचा अनुभव असतो. मेंढ्यांच्या कळपाचा, विहिरीवरच्या मोटारीचा, वाऱ्याने वाजणाऱ्या पत्र्यांचा आवाज गावाने असा एकदा ऐकून पाहावा, एवढीच माझी मागणी आहे. त्यात तरुण कवींनी आपले अर्थ मोडणारे प्रयोग करावेत, घनपाठी वैदिकांनी आपला पाठ म्हणावा, आणि दोघांनी एकमेकांचे ऐकावे.

आणि ऐकून काहीच झाले नाही तर? अनेकांना होणार नाही. प्रार्थनेतही पुष्कळदा काही होत नाही, आणि तो कोरडेपणा ज्यांनी सोसला त्यांनाच संतांनी जवळचे मानले आहे. अनिरुक्ताला आपण अवधान दिले म्हणून त्याने बोललेच पाहिजे असा करार कोठे झालेला नाही.

व्यवहाराचे सांगायचे तर हे सारे आज शक्य आहे. आकाशातील तरंग ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला, त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे निकालपत्र प्रमुख होते. पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये लोकसंस्थांना सामुदायिक केंद्रांचे परवाने खुले झाले, आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट त्या धोरणातच आहे. एखाद्या केंद्राने आठवड्यातून एक तास याला द्यावा. आरंभी जागा आणि वेळ सांगावी, कोणता ध्वनी वाढवला, कोणता गाळला हे वेस्टरकँपबाईंप्रमाणे स्पष्ट सांगावे, मध्ये जाहिरात घालू नये, आणि ऐकलेल्याचा अर्थ सांगण्यासाठी कोणाही पंडिताला बोलावू नये. यासाठी नवी सनद मिळवावी लागत नाही. असलेल्या परवान्यात ही जागा आहे, आणि ती मागण्याचा हक्क त्या केंद्राच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.